मागच्या सीटचा दोष

—नाही नाही मॅडम, बसा की, बसून बघायला माझी ना नाहीच, फक्त आधी जरा लांबून बघा म्हणतोय. इथे या, या पायरीपाशी. हं, आता बघा. गाडी घ्यायला येणारे लोक काय करतात, आले की थेट टांग टाकतात — मग काय दिसणार? घोड्यावर बसलेल्याला घोडा दिसतो का? मोठी गाडी दुरून बघायची, डोळे बारीक करून, आणि स्वतःला विचारायचं, बाबा रे, ही आपल्याला झेपेल का. मी कवळ्या करतो — दातांच्या हो, ती आतली खोली दिसतेय ना, प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेत ती, तेच माझं दुकान — तर माझ्याकडेही माणूस आला की मी त्याला लगेच खुर्चीत बसवत नाही. दारातून आत येताना बघून घेतो. ओठ कसे आहेत, हसताना वरचं किती दिसतं, रागावला की जबडा कुठे जातो. दात नंतर. आधी चेहरा. तसंच गाडीचं — थांबा. खिडकीत आली. — काय टाकी आहे मॅडम, काय टाकी आहे! अशी टाकी आजकाल बघायला मिळत नाही! एकहाती वापरलेली गाडी, एक ओरखडा दाखवा! — गेली आत? गेली. ती आमची ही. बायको. जाहिरात तिनेच दिलीय, गाडी विकायचीय ती तिलाच. तेव्हा असं आहे, ती खिडकीत असली की मी मोठ्याने बोलेन, ते तुम्ही मनावर घ्यायचं नाही. ती आत गेली की हळू बोलेन, ते खरं. कळलं ना?

दचकताय कशाला? हळूच तर बोलतोय. तुमच्या-माझ्यात. आणि स्वयंपाकघरात पंखा चालू असतो, पाणी वाहत असतं, तिला काही ऐकू जात नाही. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणतात, मशीनवर कवळ्या घासून घासून तुमचे कान गेले — म्हणू देत, वकिलांना बोलायची सवय, ऐकायची नाही. माझे कान चांगले शाबूत आहेत. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. तर मी काय सांगत होतो — ही गाडी घेऊ नका. हो. स्पष्ट सांगतो. तुम्ही सभ्य घरातल्या दिसता, सकाळी सकाळी एवढ्या लांबून आलात, मी तुम्हाला फसवणार नाही. अंगात रेड्याची ताकद आहे हिच्या, आणि अक्कलही त्याचीच. दोन सिलिंडर. रस्ता मोकळा असला तर ठीक, पण गर्दीत? गर्दीत पाय भाजतात. हा डावा पाय तर असा भाजतो की घरी गेल्यावर मलम लावावं लागतं. वजन विचारूच नका. उभी आहे तोवर देवी, कलली की दरड.

गेल्या खेपेला बँकेतले एक गृहस्थ आले होते, पोटापाण्याने सुखी, त्यांना सांगितलं मान धरते, ते मान चोळतच परत गेले. त्याच्या आधी एक व्यायामशाळेतला होता, दंड असे — त्याला काय सांगणार, वजन जास्त आहे म्हणालो असतो तर दोन्ही हातांनी उचलून दाखवली असती त्याने — त्याला म्हटलं, दादा, तुम्ही बसलात की गाडी लहान दिसते हो, सायकलवर बसल्यासारखं वाटतं. आरशात बघितलं स्वतःला, आणि गेला. एक नवीन लग्न झालेला आला होता, त्याला मागची सीट दाखवली, म्हटलं, बायको मागे बसवणार असाल तर आधी सासऱ्यांना विचारून या. तो तर पळालाच. हॅहॅ. आता तुम्ही म्हणाल, याला विकायचीच नसेल तर सरळ सांगत का नाही बायकोला? तुमचं लग्न झालंय का? नाही ना? मग राहू दे. तोंडावर बोट ठेवताय, छान, छान, गुपित गुपितच राहू दे. समजूतदार आहात.

आता डिझाइन. सगळे डिझाइन डिझाइन करतात म्हणून तुम्हाला दाखवतो. हे तोंड बघा, हा दिवा. गोल. साधा गोल दिवा, जुनाट. तुमच्या वयाच्या पोरापोरींना हल्ली कसं लागतं — शोरूममध्ये जाऊन आलाय ना तुम्ही? मीही जातो कधीकधी, आपलं उगीच. ओळीने उभ्या असतात सगळ्या, आणि सगळ्यांच्या भुवया चढलेल्या, दात विचकलेले. अरे, तुमच्या बापाचं काय घेतलंय कुणी? आणि बाजूला ती प्लास्टिकची भोकं — हवा आत जायला म्हणे. मी बोट घालून बघितलं एकदा, भोक नाहीच, आत बंद. नुसता आव. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, तसं. मी कवळ्या करणारा माणूस, मला हे खपत नाही. जो दात चावत नाही तो मी बसवत नाही. हिच्यात बघा, आहे का कुठे एक झाकण उगीच? जे दिसतंय ते काम करतंय. हे इंजिन उघडं, त्याच्या या पट्ट्या वारा खायला, ही टाकी इथे आत घेतलीय ती गुडघ्यासाठी — गुडघा ठेवून बघा, कसा बसतो, जणू तुमचं माप घेऊन केलंय — आणि टाकीपासून शेपटापर्यंत ही रेष, एका दमात ओढलेली, हात न उचलता. ज्याने काढली ना, त्याने त्या दिवशी घरी भांडण केलेलं नव्हतं. असं एक— म्हणजे वाईट. वाईट डिझाइन. जुनाट. मी काय सांगत होतो? पाय भाजतो.

आली वाटतं. — आणि मायलेज मॅडम, या वजनाच्या मानाने मायलेज म्हणाल तर — नाही, आली नाही, फडकं वाळत घातलं फक्त. काय खुणा करताय? हात खाली? खाली काय, साइड स्टँड? हां, स्टँडवरून काढून बघायचीय. बघा हो, पण मी धरतो इकडून, जड आहे, बायकांच्या हाताने — राग मानू नका — पुरुषांच्याही हाताने सहसा — अरे! काढली की! कमरेने काढली. हाताने नाही, कमर लावून. हे कुणी शिकवलं तुम्हाला? वडिलांनी? नाही? मग? ... बरं, नका सांगू. मला हे कळायला एक उन्हाळा गेला. खांद्यातून काढायचो, दुसऱ्या दिवशी कवळी घासताना हात थरथरायचा, एका म्हाताऱ्याला तिरका सुळा बसवून दिला होता त्या नादात. तो अजून तिरकाच हसतो.

छान धरलीय. मान वळवा तिची डावीकडे. हं. आता उजवीकडे. दिसतंय? या गाडीला घाई नाही. ताकद असूनही घाई नाही, हेच तर — पोरी, तू खरंच चालवतेस वाटतं गाडी. मी तुला अरे-तुरे करायला लागलो, चालेल ना? चेन बघतेस? स्टँडला लाव परत, आणि बघ, बघ. गाडी घ्यायला आलेल्यांपैकी खाली बसून चेन बघणारी तू पहिलीच. बाकीचे आरशात केस बघतात. तेल माझ्या हातचं आहे, दर शनिवारी घालतो. दाताच्या ब्रशने साफ करतो, नव्या हं, वापरलेल्या नाही.

काय? किलोमीटर? हो, कमीच आहेत. जपून वापरली. असं बघू नकोस, जपून म्हणजे जपून. माणसं काचेची भांडी वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात, त्यांना कोणी विचारतं का, एवढीच का वापरली? ... नाही, काटा बिघडलेला नाही. काट्याला हात लावलेला नाही मी, तसला माणूस नव्हे. जेवढी चालली तेवढंच दाखवतोय बिचारा. — दर रविवारी बाहेर काढतो ना! विचार कुणालाही गल्लीत. जॅकेट, हातमोजे, बूट, सगळं चढवून. ही दारात उभी राहून बघते, तोंड फुगवून, आणि मी जातो. मग? मग काय, येतो परत. जेवायच्या वेळेपर्यंत.

कुठवर जातो? तू वकिलीण आहेस का गं? ... हे बघ. जवळ ये. आता अगदी हळू सांगतो. कोपऱ्यावर पंक्चरवाला आहे ना, निळ्या पत्र्याचा, तू येताना लागला असेल. तिथवर. म्हणजे गेटातून चालू करून काढतो, दोन्ही पाय टेकवत टेकवत, बदकासारखा, आणि कोपरा वळलो, घरातून दिसेनासा झालो, की बंद. उतरतो आणि ढकलत नेतो त्याच्या दुकानामागे. तिथे स्टूल आहे. बसतो. त्याच्याशी गप्पा मारतो. त्याचं टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं आणि माझं दात बसवणं, कामं तशी सारखीच, गळतं कुठे ते शोधायचं. निघायच्या वेळी बुटांवर थोडी धूळ घेतो, त्याच्या दुकानात धुळीला तोटा नाही, हेल्मेटवरही जरा चोळतो, आणि परत. ही विचारते, लांब गेला होता? मी म्हणतो, हं. घाटापर्यंत. एकदा म्हटलं, धरणापर्यंत. पाणी किती आहे धरणात, विचारलं तिने. म्हटलं, चिक्कार. त्या वर्षी थेंब नव्हता धरणात, मागाहून कळलं.

हसू नकोस. आणि वर कोण हसतंय? वकील! बघ, गॅलरीत उभे राहून कसे दात काढतायत — आणि ते दात पण मी केलेले! वकीलसाहेब, माझ्याच दातांनी मलाच हसता? लाज वाटू द्या! — काय कळणार यांना, आपण एवढं हळू बोलतोय, काही ऐकू तर जात नसणार तिथे, हसतात आपले पेपरातलं काहीतरी वाचून. तू पुन्हा पुन्हा खिडकीकडे बोट का दाखवतेस? हो, तीच खिडकी. बंद तर झाली. उन्हाने केली असेल बंद. घाबरू नकोस.

का ढकलत नेतो — ते विचारशीलच. अगं, एकदा पडलो. पडलो म्हणजे काय, धड पडलोसुद्धा नाही. वेगात पडलो असतो तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. सिग्नलला उभे होतो, ही मागे, मी पाय टेकवला, पायाखाली वाळू. बस. गाडी कलायला लागली. सावकाश. म्हैस बसते ना, पुढचे गुडघे मोडून, काही घाई नाही, तशी. मी ओढतोय, दात खाऊन ओढतोय, आणि ती आपली बसतेच आहे. मागून ही म्हणते, अहो, आपण पडतोय का? मी म्हणतो, नाही. आणि झोपलो आम्ही तिघं रस्त्यात. कुणाला खरचटलंही नाही. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवतायत, आणि ही — रस्त्यात आडवी, हेल्मेटसकट — हसायला लागली. थांबेचना. लोक उचलायला आले तर त्यांना म्हणते, थांबा हो जरा, हसून घेऊ दे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत हिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि हसायला मिळालं ते हे.

घरी आल्यावर मी पाणी पिण्याआधी काय म्हटलं असेल? म्हटलं, मागच्या सीटचं डिझाइन चुकलंय. मागे माणूस बसलं की तोल जातो. कंपनीचा दोष. यापुढे मागे कोणी बसायचं नाही. झालं. तेव्हापासून तेच सांगतोय. हिला सांगितलं, वकिलांना सांगितलं, त्या नव्या नवरदेवाला सांगितलं, सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागलं. पण गेटाच्या बाहेर पडलो की दोन्ही पाय जमिनीवरून उचलवत नाहीत गं. एकटा असलो तरी. वाटतं, आता पाय टेकवीन आणि खाली वाळू असेल. आणि समज, ती मागे असेल, आणि या खेपेला ती हसलीच नाही तर? उठलीच नाही तर? — जाऊ दे. प्लास्टरची धूळ आहे इथे, डोळ्यांत जाते.

तू काय करतेस? मागच्या सीटवर बसतेस? बस. ... कसं वाटतं? रुंद आहे ना? हो. आहेच. पाठीला मागे ही दांडी, पाय ठेवायला जागा योग्य उंचीवर, गुडघे पोटात येत नाहीत. आता तुला काय सांगू, नव्या गाड्यांची मागची सीट बघ, पाटाएवढी नाही, चमच्याएवढी, आणि ती पण वर कुठेतरी, झाडाच्या फांदीवर बसल्यासारखी — म्हणजे ज्याने काढली त्याच्या मनात दुसरं माणूस नव्हतंच. हिचं तसं नाही. दुसरं माणूस धरूनच काढलीय ही. मी घेतली ती त्याच्यासाठीच. तोंड, टाकी, रेष, सगळं नंतर बघितलं. शोरूममध्ये आधी बायकोला मागे बसवलं होतं, आणि विचारलं होतं, कसं वाटतं? ती म्हणाली, आरामखुर्ची आहे. चला कुठेतरी. — दोष काय असणार सीटमध्ये. काही दोष नाही. पण हे तिला सांगायचं नाही हं. तिला गाडीचा राग आहे. शेवटी म्हणाली, ज्या गाडीवर घरातल्या बाईला जागा नाही तिला अंगणात कशाला जागा? आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात. तिचं हेल्मेट होतं, लाल, ते स्वयंपाकघरात खुंटीला टांगलंय आणि त्यात कांदे ठेवते. कांदे! यावरून काय ते समज. माझ्यादेखत एकेक कांदा काढते त्यातून, माझ्याकडे बघत.

काय म्हणतेस? घेतेस? खरंच घेतेस? एवढं सगळं ऐकून? अगं पण पाय भाजतो, सांगितलं ना — नाही भाजत, बरोबर, नाही भाजत, खोटं बोललो. मग आता — हे बघ, तू चालवशील तिला. ते कळलं मला, कमर लावलीस तेव्हाच कळलं. दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा तुझ्या हाती गेली तर बरंच. घाटात नेशील, धरणावर नेशील. पाणी आहे का बघून ये आणि मला कळव. तिला उभं राहायला नाही केलेलं गं कुणी, माझ्या अंगणात दाराशी बांधलेल्या बकरीसारखी — किल्ली? किल्ली आत आहे. हिच्याकडे. थांब, बोलावतो. अहो — नाही, थांब एक मिनिट. उभा राहू दे मला जरा इथे. ... तू पुन्हा तोंडावर बोट का ठेवतेस? आता कसलं गुपित? संपलं ना. मागे? माझ्या मागे काय आहे?

...

अगं, तू कधी आलीस बाहेर?

आणि हे काय घातलंयस डोक्यात — कांदे कुठे ठेवलेस? केसांत साल अडकलंय बघ कांद्याचं. मी — या बाईंना गाडीचं सांगत होतो. मायलेजचं. — काय? पहिल्यापासून? शक्यच नाही. मी हळू बोलत होतो. विचार यांना. ... अगं पोरी, सांग की. मान का हलवतेस? वकील, तुम्ही गप्प बसा! — काय म्हणतेस, मोठ्याने बोल, हेल्मेटमध्ये काय पुटपुटतेस. धरणाचं? ते — त्या वर्षी बातम्यांत दाखवत होते? तुला तेव्हाच कळलं होतं? मग तुला काय वाटलं, मी कुठे जात होतो दर रविवारी? ... तसलं वाटलं? माझ्याबद्दल? या वयात? पंक्चरवाला आहे गं तो, निळ्या पत्र्याचा, चल दाखवतो —

बसू नकोस. अगं, ऐक, बसू नकोस मागे. स्टँडवर आहे गाडी, आणि मी अजून — उतर. हाताची घडी काय घालतेस? किल्ली? ही तुझ्याकडे होती ना, मला का देतेस? यांना दे, या घेतायत गाडी, आत्ताच ठरलं आमचं. या बाईंनी चेन बघितली, वाकून बघितली, यांना नाही म्हणायचं म्हणजे — वाळू आहे कोपऱ्यावर, कालच टाकलीय कुणीतरी, बांधकामाची. पडलो तर? पडलो तर काय म्हणालीस?

... हसशील?

बरं.

मॅडम. मॅडम, तुम्ही अशा उभ्या काय राहिलात? गाडी विकायची नाही. जाहिरात चुकून दिली गेली. हो, चुकून. शोरूममध्ये जा, भुवया न चढवलेली बघून घ्या एखादी, आणि मागच्या सीटवर आधी कुणाला तरी बसवून बघा, घाई करू नका. निघा तुम्ही आता. अहो, जा म्हणतो ना. आणि जाताना ते गेट — एकच फळी नाही, दोन्ही. दोन्ही फळ्या उघडा. पूर्ण. मला जागा जास्त लागते.